प्लेटिंगच्या पाण्याला आरओ? आधी रिजेक्टचं ठरवा

भोसरीत आमचा प्लेटिंगचा छोटा कारखाना आहे. निकेल-क्रोमची एक लाइन, झिंकची एक, काम बहुतेक दुचाकीच्या सुट्या भागांचं. नवरा प्रॉडक्शन बघतो. हिशेब, कागदपत्रं आणि ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, माझ्याकडे. बीएस्सीला केमिस्ट्री होती, तेवढ्या भांडवलावर ईटीपी माझ्या गळ्यात पडला. जानेवारी २०२३ मध्ये कन्सेंटचं, म्हणजे प्रदूषण मंडळाच्या परवानगीचं, नूतनीकरण झालं आणि त्यात अट आली: प्रक्रिया केलेलं पाणी कारखान्यातच परत वापरायचं, बाहेर काही सोडायचं नाही. पुढचं वर्ष-सव्वा वर्ष त्यात गेलं. विक्रेत्यांची माहितीपत्रकं ढिगाने मिळाली, पण दहा-पंधरा माणसांच्या शॉपमध्ये हे प्रत्यक्ष कसं झालं, पैसे किती लागले, गाडी कुठे अडली, हे सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तेव्हा आम्ही दिवसाला सुमारे दहा हजार लिटर पाणी वापरत होतो. ईटीपी नेहमीचाच: क्रोमच्या पाण्याला ॲसिड आणि सोडियम मेटाबायसल्फाइट, मग सगळं पाणी एकत्र करून चुना, मग सेटलिंग टँक आणि फिल्टर प्रेस. फेब्रुवारीत पहिलं काम केलं ते पाणी तपासून घ्यायचं. एनएबीएल मान्यतेच्या लॅबने नमुन्यामागे चार-साडेचार हजार घेतले. प्लेटिंग उद्योगासाठीच्या मर्यादा म्हणजे हेक्झाव्हॅलंट क्रोमियम ०.१, एकूण क्रोमियम २, निकेल ३ आणि झिंक ५ मिलीग्रॅम प्रति लिटर. त्यात आम्ही बसत होतो. टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मात्र साडेचार हजारांच्या घरात. ईटीपी धातू खाली बसवतो, क्षार तसेच राहतात. उलट आपण ओतलेलं प्रत्येक ॲसिड, प्रत्येक अल्कली शेवटी क्षार होऊनच पाण्यात उरतं. असं पाणी निकेलच्या शेवटच्या रिन्सला, म्हणजे जॉब धुवायला, वापरलं की जॉब वाळल्यावर पांढरे डाग दिसतात आणि माल परत येतो. पुनर्वापर करायचा तर क्षार काढणं आलं, म्हणजे आरओ आला.

नमुना घेताना एक पाहा. पिकलिंगचं (गंज काढण्याचं) ॲसिड किंवा डिग्रीझिंगची (तेल काढण्याची) टाकी बदलता, त्या दिवशीचं पाणी वेगळं तपासून घ्या. रोजच्या सरासरी पाण्यावर डिझाइन केलेला प्लांट त्या एका दिवशी कोलमडतो.

एप्रिलमध्ये कोटेशनं मागवली. काहींनी रिपोर्टमधला फक्त टीडीएस वाचला आणि पिण्याच्या पाण्याला बसवतात तसा प्लांट तीन-साडेतीन लाखांत देतो म्हणाले. काहींनी मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटरसकट (पाणी उकळून आटवणारं मोठं यंत्र) असा आकडा सांगितला की त्यात दुसरं शॉप उभं राहिलं असतं. शेजारच्या गल्लीत एक जुने प्लेटर आहेत, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. त्यांना सगळे कागद दाखवले. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, “आरओ कोणीही विकेल गं. रिजेक्ट कोण घेणार ते विचार.”

तोवर मी रिजेक्टकडे पाहिलंच नव्हतं, आणि बहुतेक कोटेशनांतही त्याच्यापुढे ‘ग्राहकाची जबाबदारी’ एवढंच होतं. आरओ क्षार नाहीसे करत नाही. दहा लिटर पाणी आत गेलं तर सातएक लिटर गोड होऊन बाहेर येतं आणि उरलेल्या तीन लिटरमध्ये सगळं मीठ गोळा होतं, तोच रिजेक्ट. बाहेर सोडायची परवानगी नाही, म्हणजे ते तीन लिटर उकळून उडवायचे. हिशेब मांडला तेव्हा धडकी भरली. एक लिटर पाणी तापवून त्याची वाफ करायला साधारण ०.७ युनिट वीज लागते. हजार लिटरला सातशे युनिट, आमच्या दराने सहा हजार रुपये. दिवसाला दहा हजार लिटर पाणी आणि तीन हजार लिटर रिजेक्ट म्हणजे रोजचे अठरा हजार. एवढं आमच्या जॉबवर्कमध्ये सुटतच नाही.

मग सगळं उलट्या बाजूने विचारात घेतलं. रिजेक्ट कमीत कमी कसा होईल हे आधी, मेंब्रेन, म्हणजे आरओतला क्षार अडवणारा पडदा, नंतर.

पहिली पायरी रिन्सची, आणि तिला मेंब्रेन लागतच नाही. जॉब बाथमधून, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणाच्या टाकीतून, बाहेर येताना जे पाणी चिकटून येतं, ते ड्रॅग-आउट. त्याला हजारपट पातळ करायचं असेल तर एकाच वाहत्या टाकीत लिटरमागे हजार लिटर पाणी लागतं. दोन टाक्या ठेवून पाणी उलट दिशेने, म्हणजे स्वच्छ टाकीतून घाण टाकीकडे वाहवलं, तर तेच काम बत्तीसएक लिटरमध्ये होतं. तीन टाक्यांत दहा लिटरमध्ये. हे कागदावरचं गणित, प्रत्यक्षात एवढं पदरात पडत नाही. तरी तीन टाक्या जोडल्या, प्रत्येक बाथवर ठिबकायला तिरपे पीपीचे पत्रे लावले, आणि जिग (जॉब अडकवायची चौकट) टाकीवर दहा सेकंद जास्त धरायला सांगितलं. या दहा सेकंदांवरून पोरांशी खरी वादावादी झाली, कारण त्यांचा हिशेब नगावर. शेवटी टाकीवर जिग अडकवायला आडवा दांडा लावून दिला. एक जिग ठिबकत राहते तोवर हात दुसरीला मोकळे. मे संपेपर्यंत पाणी दहा हजारांवरून सहा हजार लिटरवर आलं आणि खर्च चाळीस हजारांच्या आत राहिला.

मे-जूनमध्येच एका विक्रेत्याकडून ट्रायलची स्किड, म्हणजे चौकटीवर बसवलेला छोटा प्लांट, भाड्याने आणली: छोटा यूएफ (बारीक कण अडवणारा फिल्टर), त्यापुढे चार इंची आरओची एक मेंब्रेन. तीन आठवड्यांचे चाळीस हजार. ट्रायलशिवाय ऑर्डर देऊ नका. सुरुवातीला पाणी झकास आलं. मग हळूहळू तेवढ्याच पाण्यासाठी प्रेशर वाढवावं लागायला लागलं, आठवड्याभरात फ्लो निम्म्यावर. व्हेसलचं, म्हणजे मेंब्रेनच्या नळकांड्याचं, टोक उघडून मेंब्रेन बाहेर काढली तर शेवटच्या बाजूच्या जाळीत पांढरी, बोटाला खरखरीत लागणारी पूड. आमचे ईटीपी ऑपरेटर मामा म्हणाले, “वहिनी, चुनाच हा.” मी चिमूटभर पूड वॉच ग्लासवर घेऊन पातळ हायड्रोक्लोरिकचे थेंब टाकले. कार्बोनेट असतं तर फसफसलं असतं, हे ढिम्म. सायट्रिक ॲसिडने धुऊनही फ्लो परत आला नाही. म्हणजे जिप्सम, कॅल्शियम सल्फेट. आमच्या पाण्यात सल्फेटला तोटा नाही: निकेल सल्फेट, सल्फ्युरिक ॲसिड, शिवाय मेटाबायसल्फाइट वापरलं की तेही शेवटी सल्फेटच होतं. कॅल्शियम आम्ही स्वतः चुन्यातून घालत होतो. मेंब्रेनमध्ये पाणी आटत गेलं की दोघं भेटतात आणि तिथेच बसतात.

म्हणून चुना बंद, कॉस्टिक सुरू. केमिकलचा खर्च वाढला. गाळ कमी झाला, पण मऊ आणि आळशी झाला, लवकर खाली बसेना. पॉलिमरचा डोस लावायला जुलै गेला. हा बदल ट्रायलमध्ये कळला म्हणून एका मेंब्रेनवर भागलं.

ट्रायलमधून दुसरी गोष्ट कळली ती तेलाची. डिग्रीझिंगचं पाणी यूएफमध्ये गेलं की बॅकवॉशच्या टाकीत फेसच फेस, आणि यूएफमधले गाळणारे पोकळ दोरे चोंदायचे. डिग्रीझिंगला वर तरंगणारं तेल काढणारा स्किमर लावला, आणि त्याची जुनी टाकी एकदम ओतण्याऐवजी वेगळ्या ड्रममधून थोडी-थोडी सोडायला लागलो.

पावसाळा ड्रेन वेगळे करण्यात गेला. आमच्याकडे गुरुवारी औद्योगिक सुट्टी असते, तेव्हाच जमीन फोडता येते, त्यामुळे हे काम लांबलं. गटारात सगळं एकत्र वाहत होतं. आता क्रोमची पाइपलाइन पिवळ्या रंगाची, निकेलची हिरव्या, ॲसिड-अल्कलीची करड्या. ॲसिडप्रूफ टाइल्स, पीपी पाइप, तीन कलेक्शन टाक्या आणि पंप धरून सव्वादोन लाख लागले. हा खर्च कुठल्याही आरओवाल्याच्या कोटेशनमध्ये नव्हता, आणि माझ्या मते सगळ्यात वसूल झालेला खर्च हाच. क्रोमियम पीएच साडेआठ-नऊला चांगलं बसतं, झिंकला नऊच्या वर लागतं, निकेलला दहाच्या वर. तिथवर चढवलं तर झिंक आणि क्रोमियम परत विरघळायला लागतात. एकाच टाकीत तिघांना खूश करता येत नाही. निकेल वेगळं झाल्यावर उरलेल्या पाण्याचा पीएच नऊच्या आसपास ठेवला की काम होतं. आरओआधी तो परत सातवर आणायचा.

आमची झिंक लाइन सायनाइडची नाही. तुमची असेल तर ते पाणी ॲसिडच्या पाण्यात कुठल्याही वाटेने मिसळता कामा नये. हायड्रोजन सायनाइड वायू होतो, माणूस जागेवर जातो. ते पाणी वेगळ्या टाकीत, पीएच दहाच्या वर ठेवून हायपोने (सोडियम हायपोक्लोराइटने) तोडावं लागतं. हायपोतला उरलेला क्लोरीन पुढे आरओच्या पॉलिअमाइड मेंब्रेनला खातो, तोही मारून टाकावा लागतो.

क्रोमच्या टाकीचंही तसंच. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम स्वतः ऑक्सिडायझर, त्यामुळे रिडक्शन अर्धवट राहिलं तर मर्यादा मोडते आणि मेंब्रेनचंही नुकसान होतं. पूर्वी मामा रंगावर चालायचे. पीएच अडीचला आणून मेटाबायसल्फाइट टाकत गेलं की नारिंगी पाणी आधी मळकट होतं, मग एका क्षणी हिरवट-निळं वळतं. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे, पण खात्रीसाठी चार डाव जास्त टाकायची सवय होती, मग टाकीवर वाकलं की विझलेल्या काडीसारखा वास नाकात जायचा. तो जास्तीचा डोसही शेवटी क्षारच. ओआरपी मीटर, म्हणजे पाण्याची ऑक्सिडेशन-रिडक्शनची पातळी दाखवणारा, बसवला, २५० मिलीव्होल्टला डोस थांबवतो. मामा अजूनही आधी रंग बघतात आणि मग मीटरकडे, जणू मीटरची परीक्षा घेतायत.

ऑगस्टमध्ये कन्सेंटमध्ये बदलासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर अर्ज केला. मशीनची ऑर्डर देण्याआधीच केला, कारण इव्हॅपोरेटरला धुराडं येणार होतं आणि नवीन धुराडं कन्सेंटच्या हवाप्रदूषणाच्या भागात मंजूर व्हावं लागतं. जोडलेले कागद: सीएचं भांडवली गुंतवणुकीचं प्रमाणपत्र (फी त्यावर ठरते), प्लांटचा लेआउट, प्रक्रियेचा फ्लो डायग्रॅम, लॅब रिपोर्ट, ट्रायलचे आकडे आणि पाण्याचा ताळेबंद. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी लेआउटवर फार वेळ घालवला नाही. ताळेबंद हातात घेतला आणि विचारलं, “मॅडम, हे पाचशे लिटर रिजेक्ट कुठे जाणार?” उत्तर कागदावर तयार होतं. त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आणून दिली. ईटीपीचा गाळ घातक कचऱ्याच्या नियमांत ३५.३ मध्ये येतो, पण इव्हॅपोरेटरमधून निघणारं मीठ ३७.३ मध्ये. ते वेगळं मागितलं नाही तर ऑथोरायझेशनमध्ये, म्हणजे घातक कचऱ्याच्या परवानगीत, येत नाही, आणि मग उचलणारी गाडी ते घेऊ शकत नाही. घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या रंजणगावच्या सामायिक प्रकल्पाचं आमचं सदस्यत्व आधीपासून होतं. नवीन प्रकारासाठी त्यांचं संमतीचं पत्र घेऊन जोडलं. मध्ये एक शंका-पत्र आलं, प्रत्येक टप्प्यावर फ्लो मीटर कुठे बसवणार याचं. त्याचं उत्तर दिलं. जानेवारी २०२४ मध्ये सुधारित कन्सेंट हातात आलं, सोबत बँक गॅरंटीची अट. बँक गॅरंटीसाठी एफडी बँकेकडे अडकवावी लागते हे आधीच धरून ठेवा.

मशीन जानेवारीअखेर आणि फेब्रुवारीत बसली. त्यात निकेलचं युनिट मला सगळ्यात आवडलं. निकेलच्या पहिल्या रिन्सचं पाणी वेगळ्या छोट्या आरओतून जातं. गोड पाणी रिन्सला परत, आणि रिजेक्ट म्हणजे इथे कचरा नाहीच: लिटरला बाराएक ग्रॅम निकेल असलेलं हिरवंगार पाणी. बाथ ५५ अंशांवर चालतो, दिवसाला साठ-सत्तर लिटर वाफ होऊन जाते, तेवढी जागा बाथमध्ये आपोआप होते आणि हे पाणी तिथे मावतं. निकेल सल्फेटच्या महिन्याला दोन-तीन गोण्या कमी लागतात. दोन पथ्यं आहेत. बोरिक ॲसिड मेंब्रेनमधून बऱ्यापैकी आरपार जातं, त्यामुळे ते निकेलच्या हिशेबाने परत येत नाही, वेगळं तपासून टाकावं लागतं. आणि पूर्वी रिन्सबरोबर वाहून जाणारा लोखंड-तांब्याचा, ब्राइटनरच्या (चकाकी आणणाऱ्या रसायनाच्या) तुकड्यांचा मळही आता बाथमध्ये परत येतो. आम्ही परत येणारं पाणी कार्बनमधून घेतो, दर आठवड्याला हल सेल (बाथची छोट्या पत्र्यावरची चाचणी) काढतो आणि डमी प्लेटिंग, म्हणजे बाथमधला मळ टाकाऊ पत्र्यावर ओढून घेणं, पूर्वीपेक्षा जास्त वेळा करतो. प्लेटिंग बघणाऱ्या माणसाचा विश्वास बसायला दोन महिने लागले. काळपट जॉब निघाला की पहिला संशय आरओवर.

बाकीचं साडेचार हजार लिटर पाणी ईटीपी, सँड फिल्टर, कार्बन, यूएफ आणि मग आरओ. पहिल्या टप्प्याचा रिजेक्ट दुसऱ्या, समुद्राच्या पाण्याला वापरतात तशा मेंब्रेनवर जास्त प्रेशरने जातो. तिथून निघतं ते पाचशे-साडेपाचशे लिटर, सगळ्या धडपडीचा शेवटचा उरलेला आकडा. त्यासाठी ब्रिकेटवर, म्हणजे दाबून केलेल्या इंधनाच्या ठोकळ्यांवर, चालणारं गरम पाण्याचं युनिट आणि पंख्याचा इव्हॅपोरेटर घेतला. रोज सव्वाशे किलोच्या आसपास ब्रिकेट, हजार-अकराशे रुपये. असं युनिट घेताना ते बॉयलर कायद्यात येतं की नाही हे निर्मात्याकडून लेखी घ्या.

एकूण खर्च जीएसटी सोडून: निकेलचा आरओ तीन लाख, यूएफ आणि दोन टप्प्यांचा आरओ साडेनऊ, इव्हॅपोरेटर सहा, ड्रेन सव्वादोन, मीटर, विजेचं काम आणि किरकोळ दीड. बँकेचं कर्ज काढलं. फायद्याच्या बाजूला टँकर निम्म्याहून कमी झाले आणि निकेल वाचलं. बाकी हा खर्च धंदा चालू ठेवण्याचा आहे, परतावा शोधायला जाऊ नका.

पहिल्या दिवशी परमिएटची, म्हणजे आरओतून आलेल्या गोड पाण्याची, नळी हातात धरून टीडीएसचा पेन बुडवला, १६० आला. विक्रेत्याची माणसं पेढे आणायला निघाली. मामांनी विचारलं, गुरुवारी बंद असताना हिचं काय करायचं? उपयोगी प्रश्न तोच होता. मेंब्रेनमध्ये खारट पाणी उभं राहू द्यायचं नाही. बुधवारी शिफ्ट संपताना परमिएटने फ्लश करूनच बंद. दिवाळीच्या मोठ्या सुट्टीत एक टक्का मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात ठेवतो. वही रोज लिहितो: फीड प्रेशर, मेंब्रेनच्या दोन टोकांतला प्रेशरचा फरक, परमिएटचा फ्लो, टीडीएस, पाण्याचं तापमान. तापमान लिहा, कारण थंडीत फ्लो तसाही कमी होतो आणि उगाच क्लीनिंग होतं. त्याच परिस्थितीत फ्लो दहा-पंधरा टक्क्यांनी पडला की धुवायचं, निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं नाही. आधी अल्कलीने तेल-मळ, मग ॲसिडने धातूंचे थर, असं आमच्याकडे बसलंय.

मार्चमध्ये जेव्हीएसचा, म्हणजे मंडळाच्या तपासणीचा, नमुना घेतला गेला. आमच्या लॅबलाही त्याच दिवशी तोच नमुना दिला होता, दोन्ही रिपोर्ट फायलीत शेजारी लावले. ३० जूनपर्यंत घातक कचऱ्याचा वार्षिक फॉर्म चार भरला, त्यात ३७.३ चा रकाना पहिल्यांदाच. मीठ ओलसर धरून महिन्याला सात-आठशे किलो निघतं. नव्वद दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, त्यामुळे दोन महिन्यांनी गाडी बोलावतो. वाहतूक धरून महिन्याला बारा-पंधरा हजार पडतात. पावसाळ्यात पिशव्या हवेतलं पाणी ओढून जड होतात आणि पैसे वजनावर जातात. शेड नीट करून घेतली, पिशव्या लाकडी फळ्यांवर ठेवतो आणि इव्हॅपोरेटरमधून काढलेलं मीठ लगेच आतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधतो. पहिल्या टप्प्याच्या मेंब्रेन यंदाच्या उन्हाळ्यात बदलाव्या लागतील असं वहीतले आकडे सांगतायत. एकीला पंधराएक हजार, म्हणून दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाकतो.